पाणी न धरणारी पाणपोई

नंदुरबार जिल्ह्यात जायचं तर बरोबर काय घ्यावं, असं कोणी विचारलं तर मी तीन वस्तू सांगतो : डोक्याला रुमाल, पाण्याची बाटली आणि लोखंड घासायचा पॉलिश पेपर. पहिल्या दोन कशासाठी ते शहाद्याला गाडीतून उतरताच कळतं. तिसरीसाठी ही हकीकत लिहावी लागते आहे.

नाशिक ते कळसाडी

मी नाशिकच्या एका रंगाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करतो. पोलादाच्या पट्टीवर रंगाचा थर द्यायचा, तिच्यावर खाऱ्या पाण्याचा फवारा सोडायचा आणि गंज कुठून डोकं वर काढतो ते पाहायचं. पगार घेऊन गंजाची वाट बघत बसणारा माणूस, अशी घरात माझी ओळख आहे. कोणाकडे जेवायला गेलो की ताटाच्या आधी मी बाल्कनीची ग्रिल बघतो आणि माझी बायको, प्रतिभा, माझ्याकडे बघते.

प्रतिभाचं माहेर शहादा तालुक्यातलं कळसाडी. फार मागे गुजरातेतून येऊन तापीकाठच्या शेतीत रुजलेलं घर. कापूस, ऊस, केळी. घरात गुजरी आणि अहिराणी मिसळून बोलतात, आणि माझ्याशी शाळेच्या पुस्तकातली मराठी. मात्र घाई, राग किंवा हसू आलं की माझ्यासाठीचं पुस्तक मिटतं, म्हणजे बहुतेक वेळा.

सासरे गेल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर गेले. त्यांना सगळे बापू म्हणत. त्यांच्या केळीच्या बागेत काढणीला सातपुड्यातली माणसं यायची. ती डोंगरातून जीपने तळोद्याला उतरत, आणि तिथून त्यांना आणायला बापू स्वतः ट्रॅक्टर घेऊन जात. ट्रॉलीत पाण्याने भरलेला माठ असे. बापूंच्या तेराव्याला ही माणसं न बोलावता डोंगरातून खाली आली, तेव्हाच सासूबाईंनी ठरवलं की बापूंच्या नावाची पाणपोई करायची, आणि ती कळसाडीत नाही, तळोद्याच्या जीप स्टँडवर. तिचा नळ उघडायचा आखाजीला.

अक्षय तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. आमच्याकडे त्या दिवशी सराफाच्या दुकानात गर्दी होते. इथे तो गेलेल्या माणसांना पाणी देण्याचा दिवस. मातीची घागर भरून तिच्यावर खरबूज ठेवतात, आणि घराच्या उंबरठ्यावर एकेका पूर्वजाची आठवण काढून ओल्या कुंकवाचं एकेक बोट ओढतात. लेकी या सणाला माहेरी येतात. या घरची लेक, प्रतिभा, मात्र लग्नानंतर क्वचितच आली होती, कारण जावयाच्या कारखान्यात मार्चअखेरची कामं आखाजीपर्यंत संपत नसत. निदान जावई तसं सांगत असे.

मेहुण्याचा, जगदीशचा, फोन आला. "दाजी, टाकी स्टेनलेसनी शे, पन स्टँड साध्या लोखंडना शे. तळोदाना सलीमभाई बनाई ऱ्हायना."

मी खुर्चीतून उठलोच. पाणपोईचा स्टँड म्हणजे बारा महिने नळाखालची ओल, वर ऊन, खाली चिखल. माझ्या खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याचा सख्खा भाऊ.

"गंजाचं माझ्यावर सोड," मी म्हणालो.

आमच्याकडे एक नवा लेप चाचणीला होता. अळूच्या पानावर पाणी टाकलं तर पान ओलं होत नाही, थेंब गोटीसारखा घरंगळून जातो. पानावर बारीक उंचवटे असतात, थेंब त्यांच्या टोकांवर बसतो आणि खाली हवा राहते. आमच्या लेपात हेच काम सिलिकाचे कण करतात, आणि ते इतके बारीक की मिलिमीटरभर रेघेवर हजारोंनी मावतील. पोलादावर आधी जस्ताचा प्रायमर, त्यावर इपॉक्सीचा राखाडी रंग, सगळ्यात वर हा पारदर्शक थर. थेंब पृष्ठभागाला जो कोन करून टेकतो, तो साध्या रंगावर नव्वद अंशांच्या आत असतो. या लेपावर तो दीडशेच्या वर गेला होता. पाणी पोलादापर्यंत पोचणारच नाही, तर गंजणार काय? मी वरिष्ठांची परवानगी घेऊन चाचणीतून उरलेले डबे मागून घेतले.

डब्यांवर 'ज्वालाग्राही' असं लाल अक्षरात लिहिलेलं असल्यामुळे एसटी बाद झाली. स्वतःची गाडी काढली. वाफा साठू नयेत म्हणून खिडक्या उघड्या, एसी बंद. धुळ्याच्या पुढे बाहेरचं तापमान त्रेचाळीस होतं. डब्यांजवळ मी थर्मामीटर ठेवला होता आणि अधूनमधून प्रतिभाला मागे वळून आकडा वाचायला सांगत होतो. दोंडाईच्याला तिने गाडी थांबवायला लावली, उसाचा रस दोन ग्लास प्यायली आणि म्हणाली, "डब्यांना विचारा, त्यांना हवाय का."

सारंगखेड्याच्या पुलावर मात्र मी गाडी हळू केली. खाली तापी अडवलेल्या पाण्याने काठोकाठ, दोन्ही तीरांवर केळीचा गडद हिरवा पट्टा, आणि दूर उत्तरेला सातपुड्याची धुरकट रेघ. सगळं रान भाजून निघालेलं असताना एवढं पाणी बघून डोळ्यांना बरं वाटलं. मी पुलाच्या कठड्याचा रंगही बघून घेतला. बरा नव्हता.

कळसाडीला पोचलो तर जेवणात शेवभाजी. नाशिकची मिसळ खाऊन वाढलेला माणूस तिखटाला घाबरत नाही, असा माझा ताठा होता. नंदुरबारच्या मिरचीने तो दुसऱ्या घासाला उतरवला. आमच्याकडे तर्री वरून मागून घ्यायची असते. इथे ती वेगळी नसतेच, सगळी भाजीच तर्री असते. मी पाणी पीत राहिलो, घाम पुसत राहिलो आणि "छान आहे" म्हणत राहिलो.

सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे माय म्हणतो, समोर पाटावर बसून बघत होत्या. "जवाईले ताक द्या," त्या सुनेला म्हणाल्या, "डोळा देखा त्यासना. मानूस रडी ऱ्हायना."

तळोदा

तळोदा हे सातपुड्याच्या पायथ्याचं बाजाराचं गाव. डोंगरात जाणाऱ्या जीप इथून सुटतात. जीपच्या आत, टपावर आणि मागच्या पायरीवर माणसं बसली की ती भरली असं इथे धरत नाहीत. ड्रायव्हरच्या मनात आलं की ती भरली. स्टँडच्या बाजूलाच सलीमभाईंचं वर्कशॉप. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणं आणि त्यांच्यावर मोर, कमळं, नावं रंगवणं हा त्यांचा घरचा धंदा. पाणपोईचा स्टँड तयार होता. वर पाटी, पाटीवर बापूंचं नाव आणि नावाच्या दोन्ही बाजूंना दोन मोर. मोर माझ्या योजनेत नव्हते, पण वरचा लेप पारदर्शक असल्यामुळे त्यांना सामावून घेता येणार होतं. नळांच्या खाली पाणी झेलायचं ताट आणि ताटाच्या पुढे एक रुंद पट्टी. तिला सलीमभाई 'चौखट', म्हणजे उंबरठा, म्हणत होते.

मी हातमोजे घातले, मास्क लावला आणि पोलादाचं तापमान मोजलं. एकोणसाठ अंश. माहितीपत्रकात कमाल मर्यादा चाळीस होती.

"आता लेप देता येणार नाही," मी जाहीर केलं.

"तो कब?" सलीमभाईंनी विचारलं.

"सकाळी. ऊन चढायच्या आत."

"दाजी, इधर धूप सोतीच नहीं."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पोचलो. बघायला माणसं जमली होती, म्हणून मी इपॉक्सीत तिला घट्ट करणारा हार्डनर मिसळल्यावर सुरक्षिततेविषयी दोन शब्द बोललो. नाशकात हे मिश्रण तासभर टिकतं. तळोद्यात ते माझे दोन शब्द संपायच्या आत डब्यातच दगड झालं. ढवळायची काठी आत रुतून बसली. जगदीशने ती काठी धरून डबा वर उचलला आणि खांद्यावर घेतला.

"दाजी, गदा व्हयनी. मारुतीले वाहूत?"

दुसऱ्या डब्याच्या वेळी मी तोंड उघडलं नाही. काम उत्तम झालं. स्टेनलेसच्या टाकीला आतून मी काहीही लावलं नाही. पिण्याच्या पाण्याशी संबंध येणाऱ्या जागी हा लेप चालतो की नाही, याची चाचणी झालेली नाही, आणि जे तपासलेलं नाही ते मी वापरत नाही. बाकी पाय, आडवे अँगल, ताट, चौखट, सगळ्याला सुकू देत देत एकावर एक तीन थर, आणि रंगवलेल्या पाटीवर फक्त वरचा पारदर्शक थर. मोजलं तर कुठेही जाडी ठरल्यापेक्षा कमी नव्हती. फक्त वरचा थर किंचित दुधाळ दिसत होता.

सलीमभाई पाटीजवळ डोळे नेऊन म्हणाले, "दाजी, मेरे मोरों को मोतियाबिंद कर दिया तुमने."

लेप वाळला त्या दिवशी मी प्रात्यक्षिक ठेवलं. मायसुद्धा आल्या होत्या. सावलीत खुर्ची टाकून बसल्या. मी चौखटीवर पाणी ओतलं. पाण्याचे मणी झाले आणि टणटण उड्या मारत खाली गेले. पट्टी कोरडी. लोक पुढे सरकले. मग मी चहा ओतला. चिखलाचं पाणी ओतलं. कोणीतरी उसाचा रस आणला, तोही ओतला. शेवटी सलीमभाईंनी, शास्त्राच्या कामाला हातभार म्हणून, पान थुंकून बघितलं. पिचकारी लाल गोट्या होऊन घरंगळली. एवढ्या टाळ्या मला कारखान्याच्या वर्धापनदिनालाही पडल्या नव्हत्या.

"या लोखंडाला आता काहीही चिकटणार नाही!" मी म्हणालो.

"आनि त्यासनं नाव?" मायनी विचारलं.

"नाव लेपाच्या आत आहे, माय. सुरक्षित."

मायनी मान डोलावली. मी चहा, चिखल, ऊस आणि पान तपासलं होतं. माझ्या मते यादी पूर्ण होती.

आखाजी

सकाळी कळसाडीच्या घरात उंबरठ्याची पूजा झाली. जगदीशच्या बायकोने एकेका पूर्वजाची आठवण काढून कुंकवाची बोटं ओढली. बापूंचं बोट मात्र तिने ओढलं नाही. ते आपण स्वतः पाणपोईच्या चौखटीवर ओढणार, असं मायनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. बापू गेल्यापासून त्यांनी कुंकवाच्या डबीला हात लावला नव्हता. शेजारच्या एका बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मायनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या बाई खरबूज किती गोड निघालं यावर बोलू लागल्या.

तळोद्यात टाकी भरून तयार होती. बर्फाच्या लाद्या टाकल्या होत्या. आखाजीसाठी कामावरून सुटून डोंगरातल्या आपल्या घरी निघालेली माणसं जीपची वाट बघत उभी होती. पुढेच फुलीबाई. बापूंच्या बागेत तिने बरीच वर्षं घड वाहिले होते. हातात रिकामी बाटली घेऊन ती मुद्दाम लवकर येऊन थांबली होती.

मायनी वाटीतल्या ओल्या कुंकवात बोट बुडवलं, डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काही म्हटलं आणि चौखटीवर बोट ओढलं.

बोट उमटलं नाही. कुंकू आकसलं, डाळिंबाच्या दाण्याएवढा थेंब झाला, चौखटीवरून घरंगळला आणि धुळीत पडला.

सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिलं आलं ते 'वा!'

मायनी पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा ओढलं. पुन्हा दाणा, पुन्हा धूळ. तिसऱ्यांदा त्यांचा हात वाटीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. चौखट स्वच्छ होती, जणू तिथे कोणी आलंच नव्हतं.

"त्यासले पानी पोचत नई," त्या जगदीशला हळूच म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या आणि वाटी मांडीवर धरली. "बोट उमटत नई, तोवर नळ खोलाना नई."

कोणी कुरकुर केली नाही. ऊन डोक्यावर, भरलेली गार टाकी समोर, आणि माणसं रिकाम्या बाटल्या घेऊन उभी. कुरकुर केली असती तर मला सोपं गेलं असतं. एक जीपवाला तेवढा लांबून ओरडला, "साहेब, पानी पेवानं शे का नुसतं देखानं?"

मी मायच्या पुढे गेलो. "माय, यात वाईट काही नाही. हा संपर्ककोन आहे."

"काय?"

"थेंबाचा कोन. तो दीडशेच्या वर गेला, की पाणी..."

"तुमना कोन तुमनाजोडे ठेवा," माय म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढायला हवा होता.

प्रतिभा माझ्याकडे बघत होती. तिच्या आईने एवढ्या महिन्यांत स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट होती, आणि ती मी तीन थरांत बंद करून टाकली होती.

मग मला सुचलं. पाणी झटकणारा हा लेप तेलाला मात्र अडवत नाही. "तेल आण!" मी जगदीशला म्हणालो. "कुंकू तेलात कालवू. लगेच धरेल."

"तेल-शेंदूर देवले लावतस," माय म्हणाल्या. "मानूसले पानीनं कुंकू."

हे आमच्या कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं.

सलीमभाई लाल ऑइलपेंट आणि ब्रश घेऊन आले. "माय, मैं बना देता हूँ. हूबहू उँगली. दस साल नहीं जाएगी."

"बोट मन्हं पायजे, सलीम."

सलीमभाईंनी ब्रश खाली घेतला आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. उरलेला उपाय मला एकट्यालाच माहीत होता असं नाही. पण तो माझ्या तोंडून यावा, एवढी जावयाची अदब सगळ्यांनी राखली.

"सलीमभाई," मी म्हणालो, "पॉलिश पेपर द्या."

"दाजी, आप खुद?"

मी गुडघ्यावर बसलो. योजना पक्की होती : फक्त वरचा दुधाळ थर बोटाएवढ्या जागेत उडवायचा. खालची इपॉक्सी पाणी धरते, तेव्हा कुंकूही उमटेल आणि जस्त जागेवर असल्यामुळे गंजही येणार नाही. प्रयोगशाळेत मी हे डोळे मिटून केलं असतं. इथे माझ्या मागे उन्हात तहानलेली माणसं होती आणि शेजारी माय होत्या. वरचा थर गेला. पुरे झालं होतं. पण तिसऱ्यांदाही दाणा घरंगळला तर, या भीतीने मी घासतच राहिलो. राखाडी इपॉक्सी गेली. जस्त गेलं. थांबलो तेव्हा खालून पोलाद चांदीसारखं चमकत होतं. गंज थांबवण्यावर आयुष्य काढलेल्या माणसाने गंजाला बोटभर दार स्वतःच्या हाताने उघडून दिलं होतं, आणि तेही ऐन पाण्याच्या वाटेवर.

माय उठल्या. बोट बुडवलं, ओढलं.

उमटलं. लाल, ओलं, वरून खाली, जरा वाकडं. हललं नाही.

मायनी ते थोडा वेळ पाहिलं, मग स्वतःच हात लांब करून नळ उघडला. फुलीबाईने बाटली भरली, पहिली धार बापूंच्या नावाने जमिनीवर सोडली आणि उरलेलं उभ्या उभ्या प्यायली. तोंड पुसून म्हणाली, "बापूना माठ आसाच थंड ऱ्हाये."

मायनी तिच्या हातातली बाटली घेतली आणि पुन्हा भरून दिली. त्यानंतर जी झुंबड उडाली तीत माझा रुमाल हरवला आणि सलीमभाईंच्या एका मोराला कोणाची तरी पिशवी घासली. लेपाला काही झालं नाही. हे मी वाकून पाहिलं. प्रतिभाने मला वाकलेलं पाहिलं.

घरी आल्यावर खापरावरचे मांडे होते आणि आमरस. आमच्या पुरणपोळीला दोन हातांत धरता येतं. मांडा मोठ्या रुमालाएवढा, आणि तो घडी घालूनच वाढतात. जेवता जेवता मी मायजवळ सगळं खरं सांगून टाकलं. घासलेली जागा उघडी पडली आहे, तिथे पहिल्या पावसात गंज धरेल आणि तो कडेने लेपाखाली शिरू शकेल.

"मंग दरसाल आखाजीले येवानं," माय म्हणाल्या. "तुम्ही घासानं, मी बोट लावसू."

"पण मार्चअखेरची कामं..." मी सुरुवात केली.

"मार्चअखेर आखाजीपर्यंत कसा पुरतो, हे मला कधीच कळलं नाही," प्रतिभा मला रस वाढत म्हणाली. "आता कळायची गरज नाही."

पुन्हा नाशिक

पावसाळा संपल्यावर जगदीशने फोटो पाठवला. स्टँड नवा वाटावा असा. पायांना चिखल नाही, ताटाला शेवाळ नाही, मोतीबिंदू झालेले दोन्ही मोर जागच्या जागी. लेपाने सांगितलं ते सगळं केलं होतं. चौखटीवर मात्र बोटाएवढी एक उभी खूण होती, तांबूस तपकिरी, जरा वाकडी. कुंकू पहिल्याच सरीत वाहून गेलेलं असणार. उरला होता तो गंज, मी घासलेल्या जागेचा आकार धरून.

खाली जगदीशने लिहिलं होतं : "दाजी, साफ करी टाकू का? माय म्हनस, बोट आजून शे, हात लावू नको."

मी फोटो मोठा करून पाहिला. गंज कडेच्या लेपाखाली शिरलेला नव्हता. निदान अजून तरी. कारखान्यात एवढा डाग दिसला असता तर मी पट्टी नापास करून बाजूला ठेवली असती. जगदीशला लिहिलं, "माय म्हणतात तसं कर."

गेल्या रविवारी प्रतिभाने पुढच्या आखाजीसाठी माझ्या रजेचा अर्ज माझ्याकडूनच लिहून घेतला. पॉलिश पेपर मी आणून ठेवला आहे, अगदी बारीक दाण्याचा. खरं म्हणजे त्या जागी आता घासायची काही गरज उरलेली नाही. गंज ओलं कुंकू उत्तम धरतो. हे मी अजून कळसाडीत कोणालाही सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.